बेडकीचं शंभर

मीटरमामांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझी स्कूटर त्यांच्या दारात उभी होती आणि तिचा काटा चाळिसावर होता.

"उभ्या उभ्या चाळीस," ते म्हणाले. "पुढारी व्हायची ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या काखेत दोन जाड कादंबऱ्या होत्या. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पुस्तक' झाले. "ए पुस्तक, चहा घे." "पुस्तक आलं गं." मी साहित्यात एम.ए. केलंय हे त्यांना नंतर कळलं. त्याने काही फरक पडला नाही.

त्यांचं दुकान म्हणजे दहा बाय आठची एक खोली. पुढे काउंटर, मागे खिडकी, खिडकीखाली टेबल. टेबलावर मोठं भिंग आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या. बाटल्यांमध्ये काटे. लाल काटे, पांढरे काटे, टोक मोडलेले काटे. भिंतीवर गाड्यांचे पन्नास-साठ मीटर टांगलेले. सगळे शून्यावर. त्या खोलीत शिरल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

गाडीचा वेग दाखवणारा मीटर बिघडला की तो मामांकडे येतो. चाळीसहून जास्त वर्षं हेच काम. आता बहुतेक जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे मीटर येतात, लांबलांबून, कापसात गुंडाळून. नव्या गाड्यांचे येत नाहीत. "नव्या गाडीत काटा नसतो," मामा सांगतात. "काट्याचं चित्र असतं. चित्र बिघडलं की अख्खी काच बदलतात."

त्यांच्या कामात एक खूण आहे. ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

शून्यापाशी एक बारीक खिळा असतो. काटा त्याला टेकून थांबतो. काटा उपटण्याआधी मामा तो हळूच उचलून खिळ्याच्या पलीकडे सोडतात. काटा थोडा मागे जातो आणि एका जागी लोंबकळतो. तिथे ते पेन्सिलीने खूण करतात. परत बसवताना त्या खुणेवरच बसवायचा आणि मग उचलून खिळ्यावर आणायचा. सरळ शून्यावर बसवला तर आतली स्प्रिंग सैल राहते. काटा जन्मभर जास्तच दाखवत राहतो.

मग ते मीटर एका छोट्या मोटरला जोडतात. चाळीस, साठ, शंभर. तीन ठिकाणी काटा खरा उतरला की तबकडीच्या मागे पेन्सिलीने सही आणि तारीख.

"आत कोण बघणारे, मामा?"

"पुढचा उघडणारा."

"आणि उघडलाच नाही कुणी तर?"

"तर मग तू कशाला विचारतेस?" ते म्हणाले आणि चहा ओतायला लागले. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "काटा साक्षीदार असतो. साक्षीदार फुटला की वळणावर माणूस जातो."

दुकानामागच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची गाडी असते. दोन माणसांची, उघडी, पिवळी. पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. म्हणून ती बेडकी. ती इतकी बुटकी आहे की सिग्नलला थांबलं तर शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट मोजता येतात. तिला दार उघडायला बाहेरून कडी नाही. आत हात घालून एक वादी ओढावी लागते. पाऊस आला तर छप्पर लावायला दोघं लागतात आणि तोवर दोघं भिजलेले असतात. चाळीसच्या वेगाला तिच्यात बोलता येतं, साठला ओरडावं लागतं, त्यानंतर नुसतं हसता येतं. हे मला मामींनी सांगितलं.

मामी म्हणजे मीटरमामांच्या बायको. मुलींच्या शाळेत तीस वर्षं खेळाच्या बाई होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या, शिट्टीतून नाही. ती अजून गळ्यात असते. जेवण तयार झालं की वाजते. मामा भिंगातून डोळा काढतात आणि उठतात.

मामींची एक गोष्ट आहे. ती मी पहिल्या भेटीत ऐकली, तिसऱ्या भेटीत ऐकली आणि नंतर मोजणं सोडलं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी मामा त्यांना मागणी घालायला गेले. मामी तेव्हा शंभर मीटर धावायच्या आणि जिंकायच्या. घरचे हो म्हणाले होते. मामी म्हणाल्या, मला यांच्या गाडीतून एक चक्कर मारू द्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "शंभर गाठलंत तर हो म्हणेन."

"आणि गाठलं?" मी पहिल्या वेळी विचारलं होतं.

"गाठलं म्हणजे? काटा शंभरावर थरथरत होता. माझी वेणी सुटली. रिबन कुठे गेली ती अजून सापडली नाही. मी तिथेच हो म्हटलं. यांना ऐकूच गेलं नाही. मग गाडी थांबवून पुन्हा म्हणावं लागलं."

"दोनदा हो म्हणाली," मामा आतून म्हणाले. "पक्कं काम."

"पण गाडी कधी चालवायला दिली नाही. एक्केचाळीस वर्षं. शाळेची बस चालवली मी, पस्तीस पोरी मागे. आणि ही पावशेर गाडी देत नाहीत. का, तर क्लच नाजूक आहे."

"नाजूक आहे," मामा म्हणाले.

ह्या वर्षी बेडकीचा काटा उगाचच थरथरायला लागला. मामांनी तिचा मीटर काढून टेबलावर आणला. मी स्टुलावर बसून कुठल्याशा क्रमिक पुस्तकाची प्रुफं वाचत होते. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग मोटर सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा मी मान वर केली.

मामा टेबलापासून मागे सरून बसले होते.

"मोटर पंच्याऐंशीवर आहे," ते म्हणाले. "काटा बघ."

काटा शंभरावर होता.

तबकडीच्या मागे सही होती. त्यांचीच, तरुण, वळणदार. तारीख एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. पेन्सिलीची खूण कुठेच नव्हती.

"माझा पहिला मीटर," ते म्हणाले. "काम शिकायला लागून दोन महिने झाले होते. मागणीच्या आधीच्या आठवड्यात, मोटरला न लावताच, घाईघाईने बसवला. सरळ शून्यावर." भिंतीवरच्या मीटरांकडे त्यांनी एकदा पाहिलं. "हजारो लोकांचे काटे सरळ केले. स्वतःचा कधी उघडला नाही. बिघडलाच नव्हता ना. दिव्याखाली अंधार."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. मामींचं शंभर पंच्याऐंशी होतं.

"सांगू नका," मी म्हटलं. "इतकी सुंदर गोष्ट आहे. गोष्टीत एवढं चालतं."

"गोष्टीत चालत असेल. मीटरमध्ये चालत नाही."

दोन दिवस त्यांनी दुसऱ्या मीटरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मामींच्या स्वयंपाकघरात होते. मामा दारात येऊन उभे राहिले, तबकडी हातात घेऊन. त्यांनी आधी हवेबद्दल बोलून पाहिलं. मग जुन्या स्प्रिंगांबद्दल.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका," मामी म्हणाल्या. "काय फुटलं?"

मामांनी सांगितलं. खूण, खिळा, स्प्रिंग, पंधरा. सगळं सांगितलं. मामींनी गॅस बंद केला. हात पुसले. खुर्ची ओढून बसल्या. 

"म्हणजे अट पुरी झाली नाही."

"नाही."

"म्हणजे मी चुकून हो म्हटलं."

"तसंच."

"दोनदा."

मामांनी मान खाली घातली. मामी माझ्याकडे वळल्या. चेहरा सरळ, पण डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं.

"पुस्तक, हे मीटरवाले कोण आहेत? माझी यांची फारशी ओळख नाही. त्यांना म्हणावं, महिनाभराची मुदत. खरं शंभर दाखवा, मग बघू. तोवर चहा आपला आपण करून घ्यावा."

त्या दिवसापासून मामींनी 'अहो' बंद केलं. शिट्टी वाजायची, पण एकदाच, आणि मामा पोचेपर्यंत त्यांचं ताट झाकून बाजूला ठेवलेलं असायचं, पाहुण्याचं ठेवतात तसं. शेजारणीने विचारलं तर मामी म्हणायच्या, "स्थळ चांगलं आहे. वय जरा जास्त वाटतं."

मामा हसायचे. पण दुकानात आले की हसत नसत. "ती थट्टा करते," एकदा मला म्हणाले. "तिची थट्टा खरी असते. शाळेत पोरींना थट्टेत सांगायची, अजून एक फेरी. पोरी मारायच्या."

त्यांनी काटा खुणेवर बसवला आणि बेडकीच्या मागे लागले. कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारं ते पितळी भांडं, आणि दाढीच्या ब्रशने साफ केला. चाकं फिरवून कान लावला. गाडीतलं जादा चाक काढलं, जॅक काढला, पायपुसणं काढलं. मामी शेडच्या दारातून म्हणाल्या, "स्थळाने स्वतःचं पोट काढलं तर जास्त फरक पडेल."

यात मामांचा भाचा आला. त्याची नवी गाडी घेऊन. काळी, रुंद, जमिनीला चिकटलेली. पाचशे घोड्यांची, तो म्हणाला. शेडमध्ये ती बेडकीच्या शेजारी उभी केली तेव्हा मला वाटलं, बेडकी तिच्या डिकीत मावेल.

"मामी, काय हा छळ," भाचा म्हणाला. "शंभरच हवंय ना? चल, तीन सेकंदांत देतो."

मामी बसल्या. मी मागे बसले. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर त्याने एकदा पाय दाबला. माझं डोकं मागच्या उशीला चिकटलं. इंजिन गरजलं. मग सगळं शांत झालं, बँकेत असतं तसं.

"झालं," भाचा म्हणाला.

"काय झालं?"

"शंभर, मामी. एकशे चार."

मामींनी खिडकीतून बघितलं. झाडं जात होती. "मला कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "आणि तो आवाज कसला?"

"इंजिनचा. म्हणजे, आत नीट ऐकू येत नाही म्हणून स्पीकरमधून देतात."

मामींनी गाडीच्या दारावर थोपटलं. "बाळा, गाडी फार छान आहे. हिच्यात झोप छान लागेल."

घरी आल्यावर भाचा मामांवर चिडला. चिडला म्हणजे हसतच. "मामा, तुझी साठला किंचाळते. माझी दोनशेला हूं की चूं करत नाही. तरी हिला तुझीच हवी."

"तुझी वाईट नाही रे," मामा म्हणाले. कार्ब्युरेटरमधून मान वर न काढता. "ब्रेक तुझेच चांगले. दिवे तुझे चांगले. मला हॉस्पिटलात न्यायचं झालं तर तुझ्यातूनच ने. पण तुझी सगळं स्वतः करते आणि तुला नंतर कळवते. माझी आधी विचारते. जाऊ का? नक्की? धरलंयस ना?"

 बेडकीच्या बारीक लाकडी स्टिअरिंगवर भाच्याने एक बोट फिरवलं आणि काढून घेतलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी सातला, आम्ही जुन्या धावपट्टीवर गेलो. तिथे आता विमानं उतरत नाहीत. गाडी शिकवणारे येतात. रविवारी कुणी नसतं. भाच्याने परवानगी काढली होती. दोन किलोमीटर सरळ रस्ता, कडेला सुकं गवत.

ठरलं असं. मामा-मामी बेडकीत. मी भाच्यासोबत त्याच्या गाडीत, बेडकीच्या बरोबरीने. त्याच्या काचेवरचा आकडा उपग्रहावरून येतो, तो चुकत नाही. मी तो मोठ्याने वाचायचा.

"पाचशे घोडे आणले आणि त्यांचं मीटर केलं," भाचा म्हणाला.

पहिल्या फेरीला मी वाचत गेले. सत्तर. ऐंशी. शहाऐंशी. नव्वद. नव्वद. एक्याण्णव. धावपट्टी संपली.

दुसऱ्या फेरीआधी मामांनी पुढची काच आडवी पाडली. जुन्या गाड्यांची पडते. वारा थेट तोंडावर. मामींनी भाच्याच्या आग्रहाने सायकलचं हेल्मेट घातलं. चौऱ्याण्णव. पुन्हा धावपट्टी संपली.

तिसऱ्या फेरीला चौऱ्याण्णवच. बेडकीच्या नाकातून वाफ यायला लागली. मामांनी ती थांबवली, बॉनेट उघडलं आणि उभे राहिले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"मामा, माझ्या मागून ये," भाचा म्हणाला. "मी वारा कापतो. तू आडोशाने ये. सहज होईल."

"दुसऱ्याच्या आडोशाने घेतलेलं शंभर माझं नाही."

"अरे पण कोण बघतंय?"

मला उत्तर माहीत होतं. पुढचा उघडणारा. मामा ते बोलले नाहीत. ते मामींकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. सहासष्ट वर्षांचा माणूस, आणि खरंच नकाराला तयार झालेला.

"चौऱ्याण्णव," ते म्हणाले. "एवढीच आहे ती. अजून वजन काढायला काही उरलं नाही."

मामी बेडकीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी गाडीत बघितलं. रिकाम्या दोन खुर्च्या. मग मामांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमचं वजन किती?"

"ब्याऐंशी."

"माझं एकावन्न." त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

मामांचं तोंड उघडं राहिलं. "अगं, क्लच…"

"ब्याऐंशी किलो क्लचवर बसलेत एक्केचाळीस वर्षं. किल्ली द्या."

भाचा आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसलो असतो. मामांनी खिशात हात घातला. किल्ली बाहेर यायला बराच वेळ लागला. मग त्यांनी ती मामींच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली.

"तिसऱ्यातून चौथ्यात जाताना घाई करू नकोस. ती स्वतःच मागते. आवाज ऐक."

"मला शिकवू नका," मामी म्हणाल्या. पण त्या ऐकत होत्या.

बेडकी थंड होईपर्यंत थांबलो. मग मामींनी आत हात घालून वादी ओढली, बसल्या, खुर्ची पुढे सरकवली. मामा धावपट्टीच्या शेवटाकडे, कडेच्या गवतात जाऊन उभे राहिले. लांबून ते एखाद्या खांबासारखे दिसत होते.

मामींनी शिट्टी तोंडात धरली, फुंकली आणि निघाल्या.

पहिला गिअर, दुसरा. भाच्याने बेडकीला पुढे जाऊ दिलं आणि मग एका श्वासात आपली गाडी बरोबरीला आणली. सत्तर, मी वाचलं. तिसऱ्यात बेडकी ताणत गेली, आवाज चढत गेला, मला वाटलं आता काहीतरी तुटणार. मामींनी गिअर बदलला नाही. थांबल्या. अजून थांबल्या. मग हात हलला. चौथा. आवाज एकदम खाली आला, जाड झाला. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

भाच्याने एक बटण दाबलं. आमच्या स्पीकरमधला आवाज बंद झाला. त्याने खिडकी उघडली. बेडकी आत आली. तिचा आवाज, तेलाचा वास, वारा, सगळं. "वाच ना," तो ओरडला.

"त्र्याण्णव. पंच्याण्णव."

आमच्या गाडीत कप ठेवला असता तरी सांडला नसता. दोन हातांवर मामी होत्या, आणि त्यांच्या गाडीचा प्रत्येक भाग वेगळा हलत होता. दिवे हलत होते. बॉनेट हलत होतं. मामींचे गाल हलत होते. एकच रस्ता, एकच वेग. आम्ही बसलो होतो. त्या जात होत्या.

"सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव."

मामा जवळ येत होते. मोठे होत होते. त्यांचे दोन्ही हात डोक्यावर होते.

"नव्व्याण्णव." धावपट्टीचा शेवट मला दिसत होता. "नव्व्याण्णव. नव्व्याण्णव."

मामी पुढे वाकल्या. स्टिअरिंगवर जवळजवळ हनुवटी टेकली. शेवटच्या काही मीटरमध्ये धावपटू छाती पुढे काढतात तशा.

"शंभर," मी म्हटलं. ओरडले नाही.  भाच्याने माझ्या वतीने ओरडून सांगितलं. पण मामी आमच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी एक बोट उचलून समोरच्या तबकडीकडे दाखवलं. त्यांचा स्वतःचा काटा होता ना. खुणेवर बसवलेला.

त्याच क्षणी मामा बाजूने गेले. म्हणजे आम्ही गेलो. मला त्यांचा फक्त उघड्या तोंडाचा चेहरा दिसला.

मामी हळूहळू थांबल्या, वळल्या आणि चालत्या वेगाने परत आल्या. मामा धावत येत होते. सहासष्टाव्या वर्षी, चपला हातात घेऊन. गाडीपाशी पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. मामींनी हेल्मेट काढलं. केस उभे राहिले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने, असं त्या नंतर म्हणाल्या.

"बघितलंत?"

मामांनी मान हलवली.

"शंभर होतं?"

"होतं. काट्याची खात्री मी देतो."

"गाठलं कुणी?"

"तू."

"मग हो कुणी म्हणायचं?"

मामा गवतात उभे होते. धाप अजून उतरली नव्हती. त्यांनी चपला खाली ठेवल्या, एक एक करून पायात घातल्या, शर्ट सारखा केला.

"हो," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

"हो."

भाच्याने तोंड फिरवलं. मला वाटतं तो रडत होता. तो म्हणतो, नव्हता.

मी एवढी पुस्तकं वाचली. माणसं एकमेकांना होकार देतात अशी कितीतरी पानं मला तोंडपाठ आहेत. त्यांत कुणी चपला घालायला थांबलेलं मला आठवत नाही.

मामा वळसा घालून चालकाच्या बाजूला आले आणि सवयीने दाराच्या आत हात घातला. मामींनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"अहो," त्या म्हणाल्या. महिन्याने. "पलीकडून बसा. मी नेते घरी. क्लच नाजूक आहे."

मामा पलीकडून बसले. त्या गाडीच्या डाव्या खुर्चीत ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. बेडकी एका बाजूला जरा कलली, आणि निघाली.

आम्ही मागून निघालो. चाळीसने. पाचशे घोडे, स्पीकर बंद, चारही खिडक्या उघड्या. पुढे दोन डोकी दिसत होती आणि अधूनमधून शिट्टी ऐकू येत होती.